बाबांनी बागेत जाणं सोडलंय... हे डिप्रेशन असू शकतं का? आणि डॉक्टरकडे न्यायचं कसं?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

माझे बाबा, वय ६६, गाव दापोली तालुक्यात किनाऱ्याला. आयुष्यभर बागायत केली, सुपारी, नारळ, थोडा हापूस. २०२० ला ३ जूनच्या निसर्ग वादळात अर्ध्याहून जास्त सुपारी आडवी झाली, तेव्हा हा माणूस खचला नव्हता. उलट पंचनाम्यासाठी गावभर धावत होते, दुसऱ्यांना धीर देत होते, पुढच्याच वर्षी नवी रोपं लावली. आणि आता, इतक्या वर्षांनी, शिमग्यापासून बागेतच जात नाहीत. शिपणं सगळं गड्यावर सोडलंय. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग उजाडेपर्यंत पडवीत बसून. भजनाला पखवाज वाजवायचे, ते बंद. जेवण निम्म्यावर आलंय. विचारलं की पोट साफ होत नाही, कंबर धरते, डोकं जड आहे, एवढंच. सोनोग्राफी, ईसीजी, साखर सगळं नॉर्मल.

आई म्हणते देवाचं काहीतरी राहिलंय. दादा म्हणतो वय झालं. मी मुंबईत, फोनवर "हं, बरं आहे" एवढंच ऐकते. ते रडत नाहीत, वाईट वाटतंय असंही म्हणत नाहीत, मग याला डिप्रेशन म्हणायचं का? आणि असलंच तर न्यायचं कसं, कारण "मला काय वेड लागलंय का" हे त्यांचं पहिलं वाक्य असणार.

पडवीतला_झोपाळा
ताई, आधी थायरॉईड, बी१२ आणि हिमोग्लोबिन करून घ्या. माझ्या आईचं सेम टू सेम असंच होतं, थायरॉईड निघाला. गोळी सुरू झाली आणि हळूहळू माणसात आली. थायरॉईड कमी झाला तरी माणूस असाच गप्प, सुस्त होतो.

रोखठोक_राजापूर
राग मानू नका पण हल्ली ऊठसूट डिप्रेशन. आमच्या आजोबांचं अख्खं होडकं गेलं होतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. रिकामं बसलं की मन खातं. काकांना कामाला लावा, नातवंडं आणून ठेवा, आपोआप ठीक होतील. गोळ्या सुरू केल्या की त्या सुटत नाहीत.

समुद्रमेथी
@रोखठोक, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं पण "कामाला लावा" हे मी स्वतः ऐकलेलं आहे म्हणून लिहिते.

मुलगी झाल्यावर मी गुहागरला माहेरी होते. सगळ्यांना वाटत होतं बाळंतीण आहे, थकली आहे. मला झोप यायची नाही, मूल झोपलेलं असलं तरी नाही. एकदा सकाळी तुळशीला पाणी घालायला तांब्या घेऊन अंगणात गेले, पाणी घातलं, आणि वृंदावनाच्या पायरीवर बसले ती बसलेच. आत जायचं म्हणजे उठायचं, उंबरठा ओलांडायचा, मग ओट्यापाशी जायचं, एवढंच ना? ते जमेना. तांब्या हातात धरून ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच. आतून मूल रडतंय ते ऐकू येत होतं आणि आपलं आहे असं वाटत नव्हतं. आई बाहेर येऊन म्हणाली, "अगं काहीतरी काम कर म्हणजे बरं वाटेल." काम करायची इच्छा असती तर मी तिथे बसले नसते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. माझं गेलं नाही, वाढत गेलं. शेवटी लसीकरणाला आलेल्या नर्सबाईंनी ओळखलं, डॉक्टरांनी ओळखलं नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?" तिथून उपचार सुरू झाले. मुलगी आता शाळेत जाते, मी नोकरी करते. गोळ्या कधीच बंद झाल्यात, त्याही डॉक्टरांनी हळूहळू कमी करून.

वाडीवरचा_डॉक्टर
मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, किनाऱ्याजवळच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो, ते लक्षात ठेवून वाचा. न बघता निदान करता येत नाही. पण खाडीपल्याड ताईंनी जे लिहिलंय ते वाचून मी पेशंटला नक्की बोलावून घेतलं असतं.

रडणं, दुःखी चेहरा हे नसलं तरी डिप्रेशन असू शकतं. आम्ही दोन गोष्टी आधी बघतो. मन सतत उदास आहे का, किंवा ज्यात जीव रमायचा त्यातला रस गेलाय का. दोन्हीतलं एक जरी असलं आणि सोबत झोप, भूक, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज असेल तर तपासायलाच हवं. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, पीएचक्यू-९ म्हणतात, ती कुठलाही फॅमिली डॉक्टर पाच-दहा मिनिटांत भरून घेऊ शकतो. तिने शिक्का मारायचा नसतो, पुढे पाठवायचं की नाही एवढं कळतं.

पहाटे दोन-तीनला जाग येणं आणि सकाळी सगळ्यात जास्त जड वाटणं हे फार बोलकं लक्षण आहे. आपल्याकडची साठीपुढची माणसं "मन लागत नाही" असं म्हणतच नाहीत. पोट, कंबर, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, हेच सांगतात. खोटं सांगत नसतात, दुखतं खरंच. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आले की घरच्यांनी "तुम्हाला काहीच झालेलं नाही" असं म्हणू नये. त्यांना ते "तुम्ही नाटक करताय" असं ऐकू येतं.

झोपाळा यांनी सांगितलेल्या तपासण्या बरोबर आहेत, त्या करूनच घ्या. आणि ब्लडप्रेशरच्या वगैरे ज्या गोळ्या चालू असतील त्यांची यादी पण डॉक्टरला दाखवा.

माड_पोफळी
थोडं अवांतर. ताई, नवी सुपारी कुठली लावलीय? श्रीवर्धनी असेल तर पाच-सात वर्षांत धरते, म्हणजे आता पहिलं फळ दिसायला लागलं असेल.

खाडीपल्याड
@माड_पोफळी हो श्रीवर्धनीच. खालच्या कुणग्यातल्या काही झाडांना शिपुटं आलीयत असं गडी सांगत होता. बाबांनी बघितलं नाही अजून. गड्याने सांगितलं तर "असू दे" म्हणाले.

वाडीवरचा_डॉक्टर
ताई, हे अवांतर नाही, मला तर या धाग्यातली ही सगळ्यात महत्त्वाची माहिती वाटते. वादळात गेलेल्या बागेच्या जागी स्वतः लावलेल्या झाडाला पहिलं फळ येतंय आणि बागायतदार चार पावलं खाली जाऊन बघत नाही. वय झालेला माणूस काठी टेकत जातो आणि बघतो. दादांना हे सांगा.

मालवणी_खाजा
माझ्या काकाचा असाच झालेला. उठबस सोडून खोलयेत पडान ऱ्हवायचो. घरची म्हणाली बाहेरचा काय तरी असा. गाऱ्हाणा घातला, कौल लावलो, कोंबो दिलो. देवान कौल पण दिल्यान, सगळा बरा होतला. पण काको काय उठाना. शेवटाक गुरवानच सांगल्यान, देवाचा जा काय होता ता झाला, आता उरलेला डाक्टर करूंदे. मगे ओरोसाक न्हेलो, गोळये चालू झाले, दोन म्हयन्यांनी काको परत तिठ्यावर गजाली मारूक हजर. काकी अजून म्हणता देव पावलो. म्हणाना, गोळये वेळेवर तीच देता!

आडिवरे_एसटी
@मालवणी_खाजा त्या गुरवाला दंडवत _/\_ असे गुरव गावोगाव पाहिजेत. त्यांचं लोक ऐकतात.

ताईंच्या आईंना पण तोडून बोलू नका. देवाला नारळ ठेवायचा तर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. भांडण देव की डॉक्टर असं झालं की पेशंट मध्ये अडकतो. फक्त उपाशी ठेवणं, अंगात आलंय म्हणून मारहाण, असलं काही सांगणारा भगत असेल तर तिथून उठून यायचं.

हर्णै_बंदर
बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं लिहिलंत सगळ्यांनी, बाप्या माणसांचं पण लिहा कोणीतरी. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर काढलेल्या, त्यात गेल्या सीझनची उचल फिटलेली नसते. माणूस घरात. मग बारीकसारीक गोष्टीवर भडकणार, पोरांवर हात टाकणार, संध्याकाळी बाटली. सगळे म्हणतात बेवडा झाला. माझे भावजी असेच आहेत. आधी असे नव्हते ओ. तांडेल माणूस, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोटीवर सगळ्यांना हसवणारा. आता ऑगस्टात बोटी गेल्या तरी हे जात नाहीत. हे पण डिप्रेशनमध्ये येतं का दारूमध्ये येतं?

वाडीवरचा_डॉक्टर
@हर्णै_बंदर बऱ्याचदा दोन्ही असतं. पुरुषांमध्ये उदासी पुष्कळदा चिडचिड, राग आणि दारू या रूपात बाहेर पडते. थोडा वेळ बरं वाटतं म्हणून पितात, पण दारू स्वतःच मन खाली खेचते आणि झोप बिघडवते. एक उपचार करून दुसरं आपोआप जाईल असं धरू नका, दोन्ही डॉक्टरला सांगा. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली.

रोखठोक_राजापूर
समुद्रमेथी ताई, तुमचं वाचलं. तुमच्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण कामात गुंतवणं अगदीच चुकीचं आहे हे मला अजून पटत नाही. आणि गोळ्यांच्या सवयीबद्दल कोणी बोललंच नाही.

तिलारीकाठ
मी दोडामार्गची, सामाजिक कामात आहे, म्हणून रोखठोक यांच्या मुद्द्यावर लिहिते. त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे पण ते वेगळ्या पद्धतीने.

आमच्या शेजारी गोव्यात संगाथ संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल वगैरे मंडळींबरोबर एक अभ्यास केला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ ला आलाय. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या लोकांना मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटीत मदत केली आणि त्याचा चांगला फायदा दिसला. त्याचा गाभाच हा की माणसाने थांबवलेल्या गोष्टी छोट्या छोट्या तुकड्यांनी परत सुरू करायच्या. पण "ऊठ आणि काम कर" असं नाही. समोरच्याशी बोलून, त्याला जमेल एवढंच ठरवायचं. बागेत जा नाही, आज पडवी उतरून विहिरीपर्यंत. जमलं नाही तर ओरडायचं नाही, का जमलं नाही ते बघायचं आणि आणखी लहान करायचं. आणि कोणीतरी दर आठवड्याला विचारणारं हवं. आजार जास्त असेल तर गोळ्या पण लागतातच, हे त्याच्याऐवजी नाही.

वाडीवरचा_डॉक्टर
तिलारीकाठ यांनी छान सांगितलं. गोळ्यांबद्दल: झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, आणि लोक त्या मेडिकलमधून परस्पर घेत राहतात हे त्याहून वाईट. डिप्रेशनवर हल्ली सहसा ज्या गोळ्या देतात त्या वेगळ्या. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते म्हणून हळूहळू कमी करतात. आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही आणि तिथेच उपचार सुटतात. एक, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हा त्रास पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. म्हणजे पेशंटला आधी तोटा दिसतो, फायदा नंतर. अस्वस्थपणा फारच वाढला तर मात्र वाट न बघता फोन करायचा. दोन, बरं वाटलं की लगेच थांबवायचं नाही, त्यानंतरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात.

शिरगावची_पोर
घरात कोणाला आधी कधी उलटं झालं असेल, म्हणजे काही दिवस झोपच नको, भरमसाट बोलणं, उधळपट्टी, मोठमोठे बेत, तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. माझ्या भावाच्या वेळी हे कोणाला सांगायचं सुचलंच नाही, नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांवर तो एकदम तिकडच्या टोकाला गेला. मग बायपोलर आहे हे कळलं, औषध बदललं, आता व्यवस्थित आहे, रिक्षा चालवतो.

पावसाळी_गाडी
एक प्रॅक्टिकल शंका. नेलं आणि त्यांनी दाखलच करून घेतलं तर? आमच्याकडे अजून कोणी जरा विचित्र वागला की "रत्नागिरीला पाठवा याला" म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात.

आडिवरे_एसटी
हाहा, आमच्या वहिनीचं माहेर रत्नागिरी. लग्नात भावाचे मित्र म्हणत होते मुलगी रत्नागिरीहून आणतोयस, डिस्चार्ज पेपर बघून घे. तिने पहिल्याच दिवाळीला सगळ्यांना असं काही सुनावलं की आता कोणी ब्र काढत नाही.

पण गंमत सोडा, या चेष्टेमुळेच लोक जात नाहीत. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. केस पेपर काढायचा, डॉक्टर बोलतात, गोळ्या लिहून देतात, संध्याकाळच्या एसटीने घरी. मी शेजारच्या काकूंना घेऊन जाते. तिथे रांगेत शिक्षक असतात, पोलीस असतात, कॉलेजची मुलं असतात. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी केली तर सांगतात. आपल्या आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं.

दाखल करण्याचं म्हणाल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, मे २०१८ पासून लागू. पेशंट स्वतःच्या मर्जीने दाखल होणार हा मूळ नियम, मर्जीविरुद्ध करायला कडक अटी आहेत. डिप्रेशनचे बहुतेक पेशंट घरी राहूनच बरे होतात. त्याच कायद्याने विमा कंपनीला मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो, फक्त ओपीडीचा खर्च बऱ्याच पॉलिसीत येत नाही ते बघून घ्या.

तिलारीकाठ
आणि न जाण्यात तुमचं घर एकटं नाही हो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ ला राष्ट्रीय सर्व्हे केला होता, त्यात डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते.

खाडीपल्याड
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदोनदा वाचतेय. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायचा धीर झाला नाही. परवा फोनवर बाबा म्हणाले, "बागेचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत, दादाला सांगून ठेव. माझं काय आता, झालं सगळं." मी विषय बदलला. याचा काही वेगळा अर्थ घ्यायचा का? मला भीती वाटतेय.

वाडीवरचा_डॉक्टर
ताई, हो, हे गंभीरपणे घ्या आणि थांबू नका, आजच. आईंना किंवा दादांना फोन करा, बाबांना एकटं सोडायचं नाही. बागेतली फवारणीची औषधं, उंदराचं औषध, घरातल्या जुन्या गोळ्या आजच कुलपात, किल्ली दुसऱ्या कोणाकडे. आपल्याकडे ही औषधं पडवीतच कोनाड्यात असतात म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि त्यांना सरळ विचारा. "बाबा, जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, हे तपासलेलं आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, ऐकायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. काही ठरवलंय असं बोलले तर रात्र असली तरी सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात. मध्ये तुम्हाला स्वतःला बोलायला हवं असेल तर १४४१६, टेली-मानस, सरकारी आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

समुद्रमेथी
ताई मी व्यनि (खाजगी मेसेज) केलाय, नंबर दिलाय, कधीही करा. रात्री दोनला पण.

पडवीतला_झोपाळा
न्यायचं कसं यावर. काही जण सांगतील की कंबरेला दाखवू म्हणून न्या आणि आत मानसोपचारवाले बसवा. फसवून नेऊ नका. आमच्या मामांना असं नेलं, ते बाहेर आले आणि त्यानंतर घरच्या कोणाबरोबर डोळे तपासायलाही जायला तयार नव्हते. जे खरं आहे आणि त्यांनाही मान्य आहे तिथून सुरू करा. झोप लागत नाही हे ते नाकारत नाहीत ना? मग झोपेसाठी. नेहमीचे डॉक्टर, ज्यांचं ते ऐकतात, त्यांना आधी फोन करून सगळं सांगून ठेवा. आणि "तुम्हाला झालंय" पेक्षा "मला तुमची काळजी लागून राहिलीय, माझं कामात लक्ष नाही, माझ्यासाठी चला" हे बापाला जास्त लागू पडतं.

मालवणी_खाजा
अगदी बरोबर. मुलगी सांगता म्हटल्यार बापूस जाता. झिलाचा ऐकाचो नाय.

खाडीपल्याड
मंडळी, अपडेट. त्याच रात्रीच्या गाडीने गेले. दादाने औषधं कुलपात टाकली होती. सकाळी पडवीत बाबांशेजारी बसून सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झोपेतच संपावं असं रोज वाटतं. पण मी काही करणार नाही गं." आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली चला, आज डॉक्टर. देवाचं काही बोलली नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी प्रश्नावली भरून घेतली, रक्त घेतलं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. "वेड लागलंय का" हे बाबांनी तिथे विचारलंच. ते म्हणाले, "वेड लागलेला माणूस हे विचारायला स्वतः येत नाही काका. तुम्हाला आजार झालाय, औषध आहे." गोळी सुरू झाली, दोन आठवड्यांनी बोलावलंय. थायरॉईड थोडा कमी आलाय, त्याचं पण बघतायत. निघताना बाबांचा एकच प्रश्न, विडा चालेल का. तंबाखूशिवाय, डॉक्टर म्हणाले.

मी महिनाभर इथूनच काम करणार आहे. फरक अजून काही नाही, सकाळ तशीच जड आहे, काल गोळी नको म्हणत होते.

वाडीवरचा_डॉक्टर
फार चांगलं केलंत. गोळी नको हे होणारच, मळमळ वगैरे आहे का विचारा, असेल तर जेवणानंतर चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, परस्पर बंद नको. कुलूप मात्र बरं वाटायला लागल्यावरही काढू नका इतक्यात. अंगात थोडी ताकद येते पण मन अजून सावरलेलं नसतं, त्या दिवसांत जास्त लक्ष ठेवायचं.

रोखठोक_राजापूर
ताई, काकांना लवकर बरं वाटू दे. कामाबद्दल माझं मत आहे ते आहे, पण तिलारीकाठ म्हणाल्या तसं विहिरीपर्यंत नेऊन बघा. राजापुरात काही लागलं तर सांगा, गाडी आहे.

हर्णै_बंदर
मला एक विचारायचं होतं. ते १४४१६ पेशंटनेच करायचा का? भावजी करणार नाहीत. बहिणीने केला तर बोलतात का?

शिरगावची_पोर
बोलतात. भावाच्या वेळी मीच केलेला, तो शेजारच्या खोलीत होता. आधी भाषा विचारतात, मराठी सांगायचं. किती पितात, मारतात का, झोप कशी आहे, सगळं विचारलं तर सांगा म्हणावं, लपवू नको. जवळ कुठे न्यायचं तेही विचारून घ्या. आणि ताई एकटी असेल आणि ते हात उगारत असतील तर पोरांना घेऊन आधी तुमच्याकडे येऊ दे, फोन तिथून करा.

हर्णै_बंदर
उद्या सकाळी तिला आणायला जातो.